चिमूचा पहिला नंबर

सरांनी आपल्या मुलीला पहिला नंबर द्यायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. आता बापाने मुलीला पहिला नंबर दिला तर त्यात बिघडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सरही तेच म्हणत होते. पण सर पडले भूमितीचे. एकदा सिद्ध झालं की खाली रेघ मारून मोकळं व्हायचं, पुन्हा मागे वळून बघायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

सर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक. इमारतीत त्यांचं खरं नाव कोणाला माहीत नाही. सगळे ‘सर’ म्हणतात, जिन्यात दिसले तर ‘काय सर’ म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी एकच, चिमू. ती इतकी लांब राहते की इथे दुपारची जेवणं होतात तेव्हा तिथे सकाळचा चहा उकळत असतो. दर रविवारी त्या चहाच्या वेळेला ती व्हिडिओ कॉल करते. सरांच्या आठवड्यात बोलण्यासारखं असं तेवढंच. बाकी दिवस दूधवाल्याला ‘ठेवा’ आणि केशकर्तनवाल्याला ‘बारीक’ एवढ्या दोन शब्दांवर निघतात.

आणि नेमका हाच कॉल धड होईना. चिमू दिसायची, हसायची, ‘बाबा, कसे आहात’ म्हणायची, आणि तिचं चित्र जागच्या जागी अडकायचं. कधी एक डोळा मिटलेला, कधी कप ओठापर्यंत नेलेला. तो कप काही खाली यायचा नाही. मग घर्रघर्र असा आवाज, मग काहीच नाही.

सरांनी ही अडचण जिन्यात एकदा बोलून दाखवली. ती चूक झाली, कारण सल्ला द्यायला कोणाचंच काही जात नाही. तळमजल्यावरच्या टेलरकाकू म्हणाल्या, पंखा बंद करून बोला, हवेने लहरी उडतात. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वायर कुठे वाकली आहे का ते बघायला सांगितलं. त्यांचा सगळ्या दुखण्यांच्या मुळाशी काहीतरी वाकडं उगवलेलं असतं यावर विश्वास आहे. सेक्रेटरींनी तर मुलीलाच वेळ बदलायला सांगा म्हणून कळवलं. सरांनी सगळं करून पाहिलं. पंखा बंद करून ते घामाने निथळत बसले, वायर इस्त्री केल्यासारखी सरळ केली. कप ओठापाशीच राहिला.

मग त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथे एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. सरांना ते ऐकून बरं वाटायचं. खरं सांगायचं तर ते जरा जास्तच वेळ लाइनवर थांबायचे. शेवटी एक खरा माणूस आला आणि म्हणाला, आमच्याकडून सगळं व्यवस्थित येतंय, गर्दी होते ती तुमच्या इमारतीच्या आत.

झालं होतं ते असं. अख्ख्या इमारतीत कनेक्शन एकच. पूर्वी वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटरवाला भाडेकरू होता, त्याने जिन्याखाली एक डबा बसवला आणि त्यातून घराघरांत वायरी नेल्या. पुढे तो घर सोडून गेला, डबा राहिला. आणि त्याच्या रिकाम्या घरात आला तो माणूस, ज्याचं नाव सरांनी धडाका ठेवलं होतं. तिशीचा, एकटा, दिवसभर घरातून कसलंसं ऑफिसचं काम आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरवर लढाया. रविवार दुपार हा त्याचा महायुद्धाचा मुहूर्त. धडाक्याच्या तोफा डागल्या जात होत्या म्हणून चिमूचा कप अडकत होता, हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

डबा उघडायचा तर कमिटीची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणाले, तांत्रिक बाबींचा अर्ज तांत्रिक उपसमितीकडे द्यावा लागतो. उपसमितीत कोण आहे, असं सरांनी विचारलं. ती अजून नेमलेली नाही, असं कळलं. मग बैठक बोलावून ती नेमण्यात आली आणि तीत एकच सभासद घेण्यात आला. ते म्हणजे सर. त्यांनी स्वतःलाच अर्ज लिहिला, स्वतःच तो विचारार्थ ठेवला आणि भाषा जरा उद्धट वाटली म्हणून एकदा परतही पाठवला. शिक्षकाला कुठेतरी शिस्त पाळावीच लागते.

त्याच बैठकीत सरांनी आपली योजना समजावून सांगितली. आपण नेटवर जे काही करतो ते बारक्या बारक्या पाकिटांतून ये-जा करतं. जिन्याखालच्या डब्यात पॅकेट फिल्टर नावाची एक प्रणाली आहे, ती दारावरच्या तपासनिसासारखी प्रत्येक पाकीट बघते. वायर एकच असली तरी प्रत्येक घराची तिच्यात वेगळी वाट आहे आणि पाकिटावर त्या वाटेचा टॅग लागतो. त्याच टॅगवर एक आकडाही टाकता येतो, कोणाला आधी सोडायचं त्याचा. इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. मग सर म्हणाले, “या वाटेला म्हणतात व्हीलॅन. आपल्या प्रत्येक घराला एक व्हीलॅन आहे.”

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टेलरकाकूंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने काकूंकडे. सेक्रेटरी उठून उभे राहिले आणि म्हणाले, घराघरातल्या भानगडी कमिटीसमोर आणायचं कारण नाही, आणि आमच्या घरात तरी व्हिलन कोणी नाही. मी शब्द नीट उच्चारला होता, असं सर पुढे कितीतरी दिवस स्वतःशीच म्हणत होते. त्या गोंधळात योजना मंजूर झाली, कारण हा विषय लवकर संपावा असं सगळ्यांनाच वाटत होतं.

सरांनी पॅकेट फिल्टरची इंग्रजी माहितीपुस्तिका छापून आणली आणि पेन्सिल घेऊन बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना अभ्यासाला काहीतरी मिळालं होतं. त्यात आकडे होते शून्य ते सात. आकडे बघितल्यावर सरांनी पुढचं वाचलंच नाही. वाचायचंय काय त्यात? आयुष्यभर त्यांनी वर्गात उभं राहून नंबर पुकारले होते. पहिला नंबर म्हणजे पहिला. त्याला टाळ्या. सातवा म्हणजे सातवा, त्याने घरी जाऊन तोंड लपवायचं. आणि शून्य म्हणजे काय ते सांगायला नको. शून्य त्यांनी कोणालाच दिला नाही, धडाक्यालासुद्धा नाही. कोणाला नापास करताना त्यांचा हात नेहमीच जड व्हायचा.

मग त्यांनी इमारतीचा निकाल लावायला घेतला. पहिला नंबर चिमूचा, म्हणजे सरांच्या घरच्या कॉलचा. दुसरा टेलरकाकूंना, कारण त्यांनी एकदा न सांगता सरांच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. तिसरा डॉक्टरीणबाईंना, हुशार म्हणून. चौथा आणि पाचवा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांना, जी सरांना जिन्यात ओळख दाखवत नसत पण त्रासही देत नसत. सहावा सेक्रेटरींना, तो व्हिलनचा अपमान ताजा होता म्हणून. आणि सातवा, तळाचा, धडाक्याला. हा निकाल लावताना सरांना जे समाधान मिळालं ते पेन्शनच्या दिवशीही मिळत नसे.

पहिल्याच प्रयत्नात अख्खी इमारत बंद पडली. सरांनी आधी कोणाकोणाला सोडायचं ते नियम लिहिले आणि सगळ्यात खाली, शिस्त म्हणून, ‘बाकीचे अडवा’ असं लिहिलं. पॅकेट फिल्टरचा कायदा असा की वरून खालपर्यंत सगळं वाचायचं आणि जो नियम शेवटचा लागू पडेल तोच खरा मानायचा. त्याला ‘बाकीचे’ कळत नाही, ‘अडवा’ तेवढं कळतं. त्याने सगळ्यांना अडवलं. धडाका अनवाणी खाली आला, डॉक्टरीणबाईंचा पेशंट तोंड उघडं ठेवून ताटकळला, कारण त्याच्या दाताचं चित्र कॉम्प्युटरवर यायचं होतं. शेवटचं बोलेल तो खरा, हे कळल्यावर मात्र सरांना तो कायदा पुन्हा शिकवावा लागला नाही. त्यांच्या घरात तो लग्नाच्या दिवसापासून लागू होता. आता शेवटचं बोलणारं कोणी राहिलं नव्हतं, म्हणून ते विसरले होते इतकंच. नियमांचा क्रम त्यांनी उलटा केला आणि इमारत पुन्हा सुरू झाली.

रविवार आला. सर ठेवणीतला शर्ट घालून बसले. कॉल आला आणि चिमूचा चेहराच उमटेना. नुसते चौकोन. करड्या, तपकिरी चौकोनांची एक फरशी, आणि तिच्यामागून कुठून तरी ‘बा… बा…’ असं काहीतरी. मग तेही गेलं. सर त्या चौकोनांत तिचं नाक कुठे असेल ते शोधत बसले.

तेवढ्यात दार वाजलं. दारात धडाका, हातात केकचा खोका. चेहरा उजळलेला. तो म्हणाला, सर, तुम्ही काय जादू केलीत, असं सुसाट नेट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने सरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, आणि मग तो बसलाच. केक कापला, चहा झाला, त्याने आपल्या ऑफिसातल्या साहेबाच्या नकला केल्या. सर हसले. आपल्या घरात आपलं हसणं ऐकून ते जरा दचकलेच.

दोन दिवसांनी सेक्रेटरी आले. त्यांच्याकडेही सगळं भुर्रकन चालत होतं. सोसायटीत अशी माणसं हवीत, असं त्यांनी सोफ्यावर मांडी घालून सांगितलं आणि व्हिलनचं प्रकरण मनातून काढून टाकल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही घरांनी जिन्यात थांबून चौकशी केली, एकाने तर सरांच्या गुडघ्याचीही केली. फक्त टेलरकाकू हल्ली सरांकडे बघून नाक मुरडायच्या. त्यांचं नेट गोगलगाय झालं होतं. सर गोंधळून गेले. ज्यांना त्यांनी जीव लावून वरचे नंबर दिले ते रुसलेले, आणि ज्यांना तळाला टाकलं ते केक घेऊन येतायत. शिक्षा केलेली मुलंच पुढे जाऊन भेटायला येतात हा अनुभव त्यांना होता, तसंच काहीसं असेल असं त्यांनी मानलं. आणि खरं सांगू का, त्यांना फार खोलात शिरायचं नव्हतं. संध्याकाळी दार वाजायचं, कोणीतरी ‘सर आहेत का?’ म्हणायचं. सर असायचेच. दुसरे जाणार कुठे? पण कोणीतरी विचारतंय, हे त्यांना विलक्षण आवडायला लागलं होतं.

रविवारचे कॉल मात्र एकामागून एक चौकोनांत गेले. एकदा तर फक्त घंटी वाजली आणि चौकोनही आले नाहीत. त्या दिवशी चिमूचा मेसेज आला. ‘बाबा, हल्ली तुमचं काहीच ऐकू येत नाही. रविवारी उगाच दोघांचा खोळंबा होतो. आपण नुसते मेसेज करत जाऊ का?’

सरांनी तो मेसेज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना कळलं की रविवार जाणार. आज व्हिडिओ बंद, मग रोजचा मेसेज, मग आठवड्याचा, मग वाढदिवसाचं फुलांचं चित्र. चिमूचा दोष नव्हता. तुटक्या दोरीला कोण किती दिवस धरून बसणार? त्यांनी ‘विचार करून सांगतो’ असं लिहिलं आणि माहितीपुस्तिका काढली. भूमितीच्या माणसाने जन्मात पहिल्यांदा मारलेल्या रेघेच्या वर जाऊन पुन्हा पाहिलं.

तिथे लिहिलं होतं की आकडा जितका मोठा तितका मान मोठा. सात म्हणजे सगळ्यात आधी. शून्य आणि एक म्हणजे सगळ्यांचं आटोपल्यावर, जमलं तर. आणि ज्यांना काहीच दिलेलं नाही त्यांना आपोआप तीन.

म्हणजे सरांनी काही केलंच नसतं तर चिमूला तीन मिळाला असता. त्यांनी बापाच्या मायेने तिला उचलून एकावर नेऊन ठेवलं. त्यांच्याच हातून ती रांगेच्या शेवटी उभी होती आणि धडाक्याच्या तोफा तिच्यापुढून मानाने जात होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी निकाल उलटा कधी वाचला नव्हता.

चूक दुरुस्त करायला काहीच वेळ लागला नसता. पण सर डब्यासमोर स्टुलावर बसले आणि त्यांची बोटं चालेनात. चिमूला सात देऊन तिची वाट मोकळी ठेवायची तर धडाका तीनावर येणार, सेक्रेटरी तीनावर येणार. मग केक कशाचा आणि संध्याकाळी ‘सर आहेत का’ तरी कशाला? त्यांना स्वतःचा राग आला. दार वाजावं म्हणून आपण पोटच्या पोरीला रांगेत मागे ठेवायचा विचार करतो आहोत, हे त्यांनी स्वतःलाच स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग चिमूला सात दिला, बाकी सगळ्यांना सारखे तीन दिले आणि डबा बंद केला. चिमूला कळवलं, एक रविवार अजून कर, मग तू म्हणशील तसं.

इमारत आठवडाभर कुरकुरत राहिली. धडाका येऊन म्हणाला, सर, आपलं पुन्हा पहिल्यासारखं झालं की. सर म्हणाले, हो. तो उभ्याउभ्याच गेला. सेक्रेटरींनी जिन्यात ऐकवलं की उपसमितीचा सुरुवातीचा उत्साह ओसरलेला दिसतो. टेलरकाकूंचं नेट सुधारलं, पण ते कोणामुळे सुधारलं याची त्यांनी चौकशी केली नाही. दुसऱ्या मजल्याने गुडघ्याची विचारपूस बंद केली. सरांनी कोणालाच खरा प्रकार सांगितला नाही. सातवा नंबर वरचा असतो हे भूमितीच्या शिक्षकाला माहीत नव्हतं, हे जाहीर करण्यापेक्षा त्यांनी आळशी ठरणं पसंत केलं.

रविवारी दार वाजलं नाही. कॉल मात्र वाजला, आणि चिमू आली. चौकोन नाहीत, घर्रघर्र नाही. तिच्या मागची भिंत दिसत होती, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग दिसत होता. कानाजवळचे दोन-चार पांढरे केस दिसले. सरांना ते माहीत नव्हते. कप वर गेला, तिने घोट घेतला, कप खाली आला. सर ते बघतच राहिले.

“दिसतंय का?” त्यांनी विचारलं.

“दिसतंय. ऐकूही येतंय.”

आणि मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. इतकी वर्षं निम्मा वेळ ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यातच जायचा. आता तो प्रश्न मिटला होता. तिने तिकडे थंडी असल्याचं सांगितलं. यांनी इकडे नसल्याचं सांगितलं. तब्येत बरी. तुमची? बरी. सरांनी धडाक्याच्या साहेबाची नक्कल करून बघितली, ती काही जमली नाही. शांतता इतकी स्वच्छ ऐकू येत होती की तिकडच्या खोलीतल्या हीटरचा आवाजही येत होता.

मग चिमू म्हणाली, “बाबा, आज तुम्ही ते म्हटलं नाहीत.”

“काय?”

“पूर्वी मी अडकले की फोन ठेवायच्या आधी म्हणायचात ते.”

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, म्हणून आपल्यालाही आतापर्यंत कळली नाही. चिमूचं चित्र अडकलं की सर लगेच फोन ठेवत नसत. त्या अडकलेल्या चेहऱ्याकडे बघून ते काही बोलत. तिला ऐकू जात नाही या भरवशावर, जे धडधाकट चेहऱ्यासमोर बोलता येत नाही तेवढंच.

“तुला ऐकू यायचं?” सर म्हणाले.

“सगळं. तुमच्याकडे मी अडकायचे, बाबा. माझ्याकडे तुम्ही तेव्हा कधीच अडकला नाहीत. दर रविवारी त्याच्यासाठीच तर थांबायचे मी. मधे तेसुद्धा ऐकू येईना, तेव्हा वाटलं की तुम्ही म्हणायचंच सोडलं.”

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. समोर चिमू तशीच, हलती, जिवंत, त्यांच्याकडे बघत होती.

“आज म्हणा ना,” ती म्हणाली. “मी न अडकता.”

डब्यातल्या तपासनिसाने त्या वाक्याला सात नंबर दिलेला होता. वाट मोकळी होती, पुढे कोणी नव्हतं, तोफासुद्धा मागे थांबल्या होत्या. तरी ते सरांच्या घशापासून ओठांपर्यंत यायला फार वेळ लागला.

“चिमू,” सर म्हणाले, “मला इथे एकट्याला करमत नाही गं.”

“हं,” ती म्हणाली, आणि खुर्ची कॅमेऱ्याच्या जवळ ओढून घेतली. “आता सांगा सगळं. मला वेळ आहे.”